दादाला सरळ विचार, आणि आजच

पत्र (थोडं कापून, ओळख बदलून):

"ताई, मी पुण्यात नोकरी करते, माहेर कराडजवळ. एप्रिल २०२१ मध्ये आमचे अण्णा कोविडने गेले. दादाच्या दोन स्कूल व्हॅन होत्या, शाळा बंद म्हणून दारात उभ्या, हप्ते थकलेले, म्हणून तो मिळेल ते भाडं मारायचा. एका लग्नाचं भाडं करून आला आणि चार दिवसांनी अण्णांना ताप आला. तेव्हापासून त्याचं एकच, मीच आणला घरात. पण तेव्हा तो रडलाही नाही, बेड, इंजेक्शन, पुढचं सगळं त्यानेच बघितलं. आता इतक्या वर्षांनी तो गप्प होत चाललाय, झोपत नाही, रात्री घेतो. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाला की सगळी कागदपत्रं कपाटात निळ्या फाइलमध्ये आहेत, तुझ्या वहिनीला यातलं काही कळत नाही, तू लक्ष दे. पुढच्या महिन्यात अण्णांचं वर्षश्राद्ध आहे. वहिनी म्हणते कुणाला बोलू नका, पोरीला स्थळं बघतोय. आई म्हणते वेळ जाईल तसा विसरेल. मला भीती वाटतेय पण विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसलेलं मीच घातलं तर? – धाकटी"

अगं धाकटे,

तुझी मेल आली त्याच रात्री तुला चार ओळी पाठवल्यात, त्यातलं आधी कर, हे सविस्तर लिहितेय कारण अशा मेल अजूनही येतात. कोविड संपून जमाना झाला असं आपण म्हणतो आणि लोकांच्या घरात तो अजून सोफ्यावर बसलेला आहे.

तू बरंच लिहिलंयस पण प्रश्न एकच आहे, जीव द्यायचं मनात येतं का असं दादाला विचारू का. विचार. सरळ विचार, आडून नको. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात जातो ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते, शिकल्यासवरलेल्यांना पण असते, आणि या विषयावर जगभर जो अभ्यास झालाय त्यात ती खरी ठरलेली नाही. उलट ज्याच्या मनात ते चाललेलं असतं त्याला कुणीतरी एकदाचं नाव घेऊन विचारलं की सुटल्यासारखं होतं, कारण इतके दिवस तो ते एकटाच सांभाळत असतो, बायकोसमोर जेवतो, पोरांशी हसतो, आणि आतून हेच. आणि समजा त्याच्या मनात तसलं काहीच नसेल तर तो म्हणेल वेडी का तू, चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. चालेल की. तेवढा राग परवडतो.

आता मला यात नेमकं काय खटकलं ते सांगते. झोप नाही, पिणं वाढलंय, गप्प झालाय, हे दुःखातही होतं, कर्जातही होतं. पण निळी फाइल. माणूस सहज बोलता बोलता कागद कुठे आहेत ते सांगतो तेव्हा काही नसतं, पण 'तुझ्या वहिनीला कळत नाही, तू लक्ष दे' हे सोपवणं आहे, आणि त्यात पुढच्या महिन्यात अण्णांची तिथी. गेलेल्या माणसाची तिथी, वाढदिवस, या दिवसांच्या आसपास आधीच खचलेला माणूस जास्त अडचणीत येतो. म्हणून मी तुला 'बघू' असं म्हणत नाहीये. आणि एक अजून, असा बरेच दिवस अस्वस्थ असलेला माणूस कारण नसताना एकदम शांत, मोकळा वाटायला लागला तर घरचे सुटकेचा श्वास सोडतात, तिथे उलट जास्त लक्ष ठेवायचं असतं.

तू लिहितेस की तेव्हा नाही मोडला, मग आता का. अगं तेव्हा मोडायला वेळ कुठे होता. तो एप्रिल आठव. ब्रेक द चेन लागलेलं, एचआरसीटीचा स्कोर किती, सॅच्युरेशन किती, रेमडेसिविरसाठी ह्याला फोन त्याला फोन, कुणीतरी सांगायचं साताऱ्यात एक बेड आहे, पोचेपर्यंत तो गेलेला. अशा वेळी माणूस कामाला लागतो, आणि काम संपल्यावर पडतो. हे तुझ्या दादाचंच नाही. २०२० मध्ये साथ सुरू झाली तेव्हा सगळ्यांना वाटलेलं आत्महत्या लगेच वाढतील, पण पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच देशांत तशी वाढ दिसली नाही. जपानमध्ये तर आधी कमी झाल्या आणि जुलैनंतर चढल्या, बायकांमध्ये जास्त. संकटात सगळे एकत्र असतात, सगळ्यांचंच बंद असतं, नंतर बाकीच्यांचं सुरू होतं आणि आपलं होत नाही, तिथे ते टोचतं. आपल्याकडचे एनसीआरबीचे, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे आकडे बघ, २०१९ मध्ये देशात १,३९,१२३ आत्महत्या, २०२० मध्ये १,५३,०५२, २०२१ मध्ये १,६४,०३३ आणि २०२२ मध्ये, म्हणजे मास्क निघाल्यावर, १,७०,९२४. २०२१ मध्ये सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, २२,२०७. आता ह्याचं सगळं खापर कोविडवर फोडता येत नाही, कारणं एकात एक गुंतलेली असतात, पण त्यात चारातले जवळपास तीन पुरुष आहेत आणि दर चौथा माणूस रोजंदारीवरचा आहे, म्हणजे ज्यांचं पोट रोजच्या फिरण्यावर होतं ते. तुझा दादा रोजंदारीवर नाही पण स्कूल व्हॅनवाला म्हणजे काय वेगळं, मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या त्या लहान पोरांच्या शाळा नीट सुरू व्हायला २०२२ उजाडलं, तोवर चाकं जागेवर आणि बँकेचं मीटर चालू.

आईंचं म्हणणं की वेळ जाईल तसं विसरेल. एरवी हे पुष्कळदा खरं असतं, आपल्या माणसाचं जाणं आपण हळूहळू पचवतोच, पण त्याला आपण काय काय आधार देऊन ठेवलेत बघ, माणसं जमतात, खांदा देतात, दहावं, तेरावं, कुणी पिठलंभात घेऊन येतं, तीच तीच गोष्ट पन्नास जणांना सांगून सांगून ती सांगता यायला लागते. त्या वर्षी यातलं काय झालं? प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, पीपीईतली चार अनोळखी माणसं, लांबून हात जोडले, चेहरा दाखवला तर नशीब, आणि घरी आल्यावर शेजारी दार लावून घेतायत. तुझ्या दादाने अण्णांबद्दल त्या वेळी कुणाशी बोललंय असं मला तुझ्या पत्रात कुठेच दिसलं नाही. त्याला नुसतं दुःख नाहीये, आरोप आहे, आणि आरोपीही तोच न्यायाधीशही तोच. असलं प्रकरण वेळ गेल्याने मिटत नाही गं, मुरतं.

मी त्या एप्रिल-मे मध्ये पेशंटच्या नातेवाइकांचे फोन घेत होते, आणि 'माझ्यामुळे झालं' हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी म्हटलं की मला कोविडमध्ये कोण गेलं हे विचारावं लागत नाही. कुणी भाजी आणली म्हणून, कुणी लस घ्यायला उशीर केला म्हणून, कुणी वेळेत अ‍ॅडमिट केलं नाही म्हणून आणि कुणी अ‍ॅडमिट केलं म्हणून. हो, दोन्ही.

तर विचारायचं कसं. फोनवर नको, शक्यतो समोर, शनिवार-रविवारची वाट बघू नको, उद्या सुट्टी टाक. सगळ्यांच्या समोर नको, आई आणि वहिनी आणि पोरं बसलेत आणि तू विचारतेस, असं झालं की तो हसून उडवणार. गाडीत बरं पडतं. त्याच्या शेजारी बस, म्हण कराडला काम आहे सोड, ड्रायव्हर माणूस समोर रस्त्याकडे बघत जास्त बोलतो, डोळ्यात डोळे घालून बोलायला लावलं की गप्प होतो. पण हे विचारायच्या वेळी गाडी बाजूला लावायला सांग, चालत्या गाडीत नको. प्यायलेला असताना आपणहून विषय काढू नकोस, पण प्यायल्यावर तो काही बोलला तर 'दारू बोलतेय' म्हणून सोडूनही देऊ नकोस.

आणि म्हणायचं साधं. "दादा, त्या दिवशी तू फाइलचं बोललास तेव्हापासून मला झोप नाहीये. तुला जगणं नको झालंय का? जीव द्यायचं मनात येतं का?" बस. आणि मग तू गप्प. हे सगळ्यात अवघड आहे, आपल्याला ती शांतता सहन होत नाही आणि आपणच उत्तर देऊन टाकतो, 'तसलं काही नाही ना, हां, बरं'. नको. "तू तसलं वेडंवाकडं तर काही करणार नाहीस ना" असंही विचारू नकोस, ह्याला उत्तर 'नाही' हेच येतं, कारण आपण तेच मागितलेलं असतं.

तो हो म्हणाला तर? तर तुझं काळीज धडधडेल, आणि तरी ओरडायचं नाही, रडू आलं तर येऊ दे पण 'आमचा विचार नाही केलास का' नको, पोरांची शपथ घालायची नाही. लोकांना वाटतं शपथेने माणूस बांधला जातो, अगं त्याला आधीच आपण सगळ्यांवर ओझं आहोत असं वाटतंय, त्यात अजून एक ओझं. सांग की बरं झालं मला सांगितलंस. आणि मग पुढचं विचार, कधीपासून वाटतंय, कसं करायचं हे ठरवलंयस का, कधी करायचं ठरवलंयस का. ठरवलेलं असेल तर ते तातडीचं आहे, त्याला त्या क्षणापासून एकट्याला सोडायचं नाही, बाथरूमला गेला तरी आवाज देत राहायचं, आणि त्याच दिवशी डॉक्टर. हे कुणाला सांगू नकोस असं तो म्हणेल, ते वचन देऊ नकोस, म्हण 'गावभर करणार नाही, पण डॉक्टरला आणि वहिनीला सांगणार'.

एक गोष्ट मात्र तो काय उत्तर देतो ह्याची वाट न बघता कर. तुमचं शेत आहे म्हणजे घरात किंवा गोठ्यात फवारणीचं सामान असणार, आईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचे साठे असणार. ते सगळं घरातून हलव, चुलत्यांच्या कुलपात ठेव, कारण सांगायला उंदीर झालेत म्हण नाहीतर काहीही म्हण. आईंच्या गोळ्या वहिनीने रोजच्या रोज काढून द्यायच्या. तुला वाटेल ठरवलेला माणूस काहीतरी शोधेलच, पण अनुभव तसा नाही, ती टोकाची वेळ बऱ्याचदा थोडी असते, येते आणि ओसरते, आणि त्या वेळात हाताशी काही नसणं ह्याने जीव वाचतात. श्रीलंकेने १९९५ पासून एकेक करून जास्त विषारी कीटकनाशकं विकायला बंद केली आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास खाली आलं, लोकांची दुःखं काही तेवढी कमी झाली नव्हती. आणि एकदा त्यातून वाचलेले बहुतेक लोक पुढे त्या वाटेने जात नाहीत, हेही तुला माहीत असू दे.

मदत कुठे. टेली मानस, मानसिक त्रासासाठीची फोन हेल्पलाइन, नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. तू स्वतः आधी फोन कर, पेशंटनेच करायला पाहिजे असं काही नाही, सांग की भावाची काळजी वाटतेय आणि पुढे काय करू. जीवाला धोका आत्ता समोर असेल तर १०८ किंवा ११२, किंवा जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला न्या, मानसोपचारवाला डॉक्टर तिथे असो नसो. एरवी साताऱ्याला सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढायचा आणि बसायचं, तिथे ऊस तोडणाऱ्यापासून मास्तरापर्यंत सगळे असतात. तिथे जायचं नसेल, ओळखीचं कुणी भेटेल ही भीती असेल, तर पुण्याला तुझ्याकडे आण, चार दिवस बहिणीकडे गेलाय ह्यात गावाला काय कळणार. त्याला 'तुला मानसिक आजार आहे' असं म्हणून नेऊ नका, 'झोप नाहीये, झोपेचं बघू' म्हणून न्या, ते खोटंही नाही. डॉक्टर गोळ्या देतील, त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त, आणि ह्याच सुरुवातीच्या दिवसांत घरच्यांनी जास्त लक्ष द्यायचं असतं. आठ दिवसांत काही फरक नाही म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, पाकीट वहिनीकडे, आणि दारूबरोबर नाही.

वहिनीचं सांगते. तिच्यावर चिडू नकोस. मुलीचं स्थळ बघताना घरात असं काही आहे हे कळलं तर काय होतं हे तुला मला माहीत आहे, ती भीती काही हवेतली नाही. पण तिला एकटीला घेऊन सांग की आपण काही गावात दवंडी पिटत नाही आहोत, आणि तिला पोलिसांची भीती असेल तर तीही काढून टाक. नुसते विचार मनात आहेत म्हणून डॉक्टरकडे जाण्यात पोलिसांचा काही संबंधच नसतो. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा धरणारं जुनं ३०९ कलम होतं आयपीसीमध्ये, म्हणजे भारतीय दंड संहितेत, त्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आधीच सांगितलं की असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे. आणि १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी जी न्याय संहिता आली तिच्यात ते कलम ठेवलेलंच नाही (सरकारी माणसावर दबाव आणायला कुणी तसं केलं तर गोष्ट वेगळी). वहिनीला हेही विचार की ती किती दिवस रात्री जागी असते. मला वाटतं तिला तुझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

कर्जाचं तू एका ओळीत लिहिलंस पण तिथेही बघ. २०२० मध्ये सहा महिने हप्ते थांबवायची सवलत होती, ऑगस्टपर्यंत, पुष्कळ व्हॅनवाल्यांनी ती घेतली आणि त्या काळाचं व्याज चढत राहिलं हे नंतर कळलं, तुझ्या दादाचं तसंच झालं असेल. वसुलीवाले फोन करत असतील तर सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर हप्त्यासाठी फोन करायचा नाही, धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना फोन करून बदनामी करायची नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये लिहून काढलंय, तक्रार आधी बँकेकडे लेखी आणि महिनाभरात दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्याची माहिती १४४४८ वर मिळते. ती निळी फाइल तू मागून घे. खरंच घे, दादाला म्हण की तू म्हणालास लक्ष दे, तर आण, दोघं मिळून बसू. त्याने निरोप म्हणून दिलेली फाइल आपण कामाची करायची. कुठला हप्ता किती, काय विकता येईल, एक व्हॅन काढली तर काय उरतं. मदत करायची ती पैशाचीच असं नाही, आकडा कागदावर आला की तो निदान तेवढाच राहतो. पण हे डॉक्टरकडे जाऊन आल्यावर, आधी नाही.

आणि 'मीच आणला' ह्याचं काय. त्याच्याशी वाद घालू नकोस, निदान पहिल्या दिवशी तरी नको. तुला माहीत आहे, मला माहीत आहे की लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला देऊ शकायचा, कित्येकांना लक्षणं आलीच नाहीत, अण्णा रोज डेअरीवर जात असतील, पारावर बसत असतील, घरी कोण येऊन गेलं असेल, चार दिवस मोजून कुणाचं बोट धरता येत नाही. दुसऱ्या लाटेत तो विषाणू घरात शिरला की घरच्या घर आडवं करत होता. पण हे सगळं त्याने वाचलेलंही असेल आणि काही उपयोग झाला नसेल. 'सगळ्यांच्याच घरात झालं' हे तर अजिबात म्हणू नकोस. आधी त्याला सांगू दे, त्या लग्नाच्या भाड्याचं, तिथे मास्क होता की नव्हता, किती पैसे मिळाले, ते पैसे कशाला गेले, अण्णा शेवटचं फोनवर काय म्हणाले. ऐक. बऱ्याचदा ऐकता ऐकता त्यालाच दिसतं की हप्ता भरायला गाडी काढणाऱ्या माणसाला आपण खुनी ठरवलंय. नाही दिसलं तर ते काम समुपदेशकाचं आहे, दोन-चार बसण्यांत होत नाही, वेळ लागतो.

वर्षश्राद्ध ह्या वेळी नीट करा, त्या वर्षी जे झालं नाही ते. मावशी, मामा, डेअरीवरचे अण्णांचे दोस्त ह्यांना बोलवा आणि अण्णांबद्दल बोलायला लावा, त्यांची खोडी, त्यांचं चिडणं, काय असेल ते. पण दादाला त्याची तयारी एकट्याला देऊ नका, आणि त्या दिवशी पाहुणे गेल्यावर घर रिकामं होतं ती रात्र आणि पुढचे दोन दिवस तू तिथेच राहा, रजा आत्ताच टाकून ठेव.

तुझेही वडीलच गेलेत हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. १४४१६ वर तू तुझ्यासाठी पण बोलू शकतेस. आता हे वाचत बसू नकोस, वहिनीला फोन लाव, आज रात्री दादा एकटा झोपणार नाही एवढं तिच्याशी ठरव आणि सकाळची गाडी पकड. काय झालं ते कळव.

– ताई